ब्रेकला मारलेलं बूच

ताईचा राग साऱ्या गल्लीच्या ओळखीचा होता. गल्ली तिला तोंडावर ताई म्हणे आणि पाठीमागे ठिणगी. हे दुसरं नाव तिच्या कानावर आलेलं होतं, पण त्याचा तिला कधी राग आला नाही. तिला राग यायचा तो निराळ्याच गोष्टींचा. नवा फोम सांगून जुनाच उलटा करून भरणारे कारागीर, "करतो, करतो" म्हणून फोन न उचलणारी माणसं, आणि दिसणाऱ्या बाजूला पक्की शिलाई घालून भिंतीकडच्या बाजूला नुसते टाके मारणारे. असलं काही दिसलं की तिचा आवाज शटरच्या बाहेर जायचा आणि समोरचा किराणावाला हातातली पिशवी तशीच धरून ऐकत उभा राहायचा.

ती गाद्या आणि सोफ्यांचं काम करायची. काम वडिलांचं, दुकान वडिलांचं, आणि मागच्या अंगणात उभी असायची ती व्हॅनही वडिलांचीच. फुगीर नाकाची, गोल दिव्यांची, मागे दोन दारं असलेली ही व्हॅन वयानं ताईच्या बरोबरीची. तीन माणसांचा सोफा तिच्यात आडवा मावायचा. वडिलांनी ताईला शिवण शिकवली त्याच वर्षी गाडीही शिकवली, आणि गाडी शिकवणं म्हणजे त्यांच्या लेखी नुसतं चालवणं नव्हे. चाक काढता आलं पाहिजे, तेल बदलता आलं पाहिजे, कुठला आवाज कुठून येतो ते कळलं पाहिजे. ते गेल्यावर व्हॅन ताईकडे राहिली, कारण रोज लागायची तिलाच.

ताईनं लग्न केलं नाही. घरात धाकटा भाऊ होता, आई तो लहान असतानाच गेलेली, आणि त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं ताईनंच केलेलं. तिनं त्याचं नाव लाडोबा ठेवलं होतं आणि पुढे तो चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागला, बायको आली, कानावरचे केस पांढरे झाले, तरी तो लाडोबाच राहिला. गोड माणूस. कुणाला दुखवायचा नाही, कशाला नाही म्हणायचा नाही. काहीही सांगा, "होईल गं" हे उत्तर ठरलेलं. ताई जगाशी भांडायची, पण लाडोबाविरुद्ध कुणी अवाक्षर काढलं तर त्याची खैर नसे.

हा लाडोबा जुन्या गाड्यांच्या एका क्लबात जाऊ लागला आणि एके दिवशी डोळे मोठे करून दुकानात आला.

"ताई, तुझ्या अंगणात काय उभं आहे माहितीये का तुला? व्हिंटेज आहे ती, व्हिंटेज!"

"व्हिंटेज नाही, व्हॅन आहे," ताई तोंडातली टाचणी काढत म्हणाली. "आणि उद्या तिच्यात दोन आरामखुर्च्या जायच्यात."

पण लाडोबा मागेच लागला. क्लबाचं प्रदर्शन होतं. रंग नवा द्यायचा, पत्रा ठाकठीक करायचा, बंपर चकचकीत करून घ्यायचे. गॅरेज त्यानं बघून ठेवलं होतं आणि खर्चही तोच करणार होता. शेवटी कामं जरा मंद असताना ताईनं व्हॅन त्याच्या स्वाधीन केली. सीटा तिनं स्वतः शिवून दिल्या, काठाला दुहेरी शिलाई घालून. आणि किल्ली हातात देताना बजावलं, "रंग तुला हवा तो दे. पण मागचा डावा ब्रेक झिरपतोय. चाकाच्या आतल्या बाजूला तेल दिसतं. तो आधी करून घे."

"होईल गं."

व्हॅन परत आली ती ओळखू न येण्यासारखी. वर सायीचा रंग, खाली पिस्त्याचा, आणि बंपरमध्ये बघून केस विंचरावेत इतकी चमक. प्रदर्शनात तिला कप मिळाला. लाडोबा बायकोला शेजारी बसवून मोठ्या दिमाखात तिला घेऊन आला, सगळ्या गल्लीनं फोटो काढले, आणि ताईनंही, कुणी बघत नाही असं पाहून, पिस्त्याच्या रंगावरून एकदा हात फिरवला.

दुसऱ्या दिवसापासून व्हॅन कामाला लागली. सुरुवातीला हलकीच कामं होती, उशा, पडदे, एखादी खुर्ची. पेडल घट्ट लागत होतं. थांबताना गाडी किंचित उजवीकडे ओढतेय असं ताईला एक-दोनदा वाटलं, पण नवे टायर घातलेत, बसतील हळूहळू, असं तिनं स्वतःला समजावलं. मग दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षाचं काम आलं. मागे एक जडशीळ सोफा आणि दोन खुर्च्या, शेजारच्या सीटवर दुकानात शिवायला येणाऱ्या काकू, आणि समोर बेकरीकडे उतरणारा रस्ता.

उतारावर ताईनं ब्रेक दाबला. गाडी थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. तिनं आणखी दाबला, तेव्हा गाडी उजव्या अंगाला फिरल्यासारखी झाली आणि सोफा आतून धाडकन दारावर आदळला. काकूंनी डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकले. खाली बेकरीसमोर रिकाम्या क्रेटांची उतरंड होती आणि तिच्या पलीकडे बेकरीवाला पावांचा ट्रे छातीशी धरून, पाठमोरा, कुणाशी तरी बोलत उभा होता. ताईनं हँडब्रेक सर्वशक्तीनिशी ओढला. व्हॅन कुरकुरत, घसटत गेली आणि चकचकीत बंपरनं सगळ्यात खालच्या क्रेटला हलकेच शिवून उभी राहिली.

बेकरीवाला वळला. त्यानं बंपर पाहिला, मग आपले पाय पाहिले.

"काय हो ताई," तो म्हणाला, "पाव घ्यायला एवढी घाई?"

काकू हसल्या आणि हसता हसता रडायलाच लागल्या. ताईचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

सोफा हमालांकरवी पोचवून, रिकामी व्हॅन पायी चालल्याच्या वेगानं घरी आणून तिनं अंगणात लावली. पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला, जॅक लावला, खाली ठोकळे दिले आणि डावं मागचं चाक काढलं. त्यामागचा ब्रेकचा ड्रम, लोखंडी डब्यासारखा, काही केल्या निघेना. चाकामागच्या पत्र्याच्या भोकातून तिनं ड्रमला आतून घासणारे कमानदार ब्रेक शू सैल केले, लाकडी हातोडीनं ड्रमच्या कडेकडेनं ठोकत राहिली, आणि एकदाचा तो सुटून मांडीवर आला.

आत सगळं तिनं सोडलं होतं तसंच होतं. तेच जुने ब्रेक शू, तेल पिऊन काळे पडलेले, ज्यांनी काही पकडायचं म्हटलं तरी पकडलं नसतं. त्याच गंजक्या स्प्रिंगा. शूंना बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर मात्र ठणठणीत कोरडा. ताईला क्षणभर कळेना. झिरपणारा सिलिंडर न दुरुस्त करता कोरडा कसा झाला? ती पाठीवर झोपून गाडीखाली सरकली. सिलिंडरच्या मागून ब्रेक ऑइलचा पाइप यायला हवा, तो नव्हताच. मधल्या दांड्यावर जिथून तेल दोन्ही चाकांना फुटतं तिथे डाव्या तोंडात एक बोल्ट पिळून बसवला होता. बूच. आणि त्या बुचावर सुबक, एकसारखा, चकचकीत काळा रंग दिलेला.

ताई तशीच पडून राहिली. तिला सगळ्यात जास्त झोंबला तो रंग. कुणीतरी इथे, तिच्यासारखंच पाठीवर झोपून, ब्रेक बंद केला आणि मग ब्रश घेऊन त्यावर दोन हात मारले होते.

गॅरेजच्या मालकाची काचेची केबिन होती. ताई हातावरचं काळं न पुसताच आत शिरली.

"अरे वा, कपवाली व्हॅन!" तो उठून उभा राहिला. "काय दिसत होती त्या दिवशी!"

"मागच्या डाव्या ब्रेकला बूच कुणी मारलं?"

त्याचं हसू जागेवरच थिजलं. "बाई, जरा आवाज खाली..."

"आवाज खालीच आहे. वर गेला की तुम्हाला कळेल. माझा भाऊ भोळा आहे. त्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. त्याला गंडवलंत तुम्ही. वर मलई, पिस्ता, आणि खाली बूच! काय वाटलं तुम्हाला, बाईमाणूस कशाला वाकून बघतेय?"

"गंडवलं?" आता मालकही चिडला. "त्यांना गाडी जॅकवर असताना दाखवलंय मी. ह्या गाडीचा सिलिंडर बाजारात मिळत नाही म्हणून सांगितलं. जुना दुरुस्त करायचा तर वेळ लागेल, तेही सांगितलं. प्रदर्शन तोंडावर आलेलं. तेच म्हणाले, तूर्तास बंद करून टाका, नंतर बघू. विचारा तुमच्या भोळ्या भावाला."

केबिनबाहेर पाना वाजत होता तो थांबला. ताई दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"आणि त्यानं सांगितलं म्हणून तुम्ही केलंत?"

"गिऱ्हाइकाचं ऐकावं लागतं, बाई. प्रदर्शनाची गाडी म्हणजे दोन पावलं ढकलायची, उभी करायची."

"मग माझ्या दारात काय ढकलत आणली होती?"

उत्तर ऐकायला ताई तिथे थांबली नाही.

भावाच्या घरापर्यंत ती चालत गेली. गॅरेजकडे जाताना तिचा राग कसा सरळ होता, एका माणसाकडे बोट करून उभा. आता तो कुठे ठेवावा हेच तिला कळेना. रस्त्यात ती दोनदा थांबली. गॅरेजवाला खोटं बोलत असेल, असं स्वतःशी म्हणून पाहिलं. पण "नंतर बघू" हे शब्द कुणाचे आहेत हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं? ते "होईल गं"चं सख्खं भावंड होतं.

लाडोबानं दार उघडलं. आत त्याची बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि मागे काचेच्या कपाटात, बशांना बाजूला सारून, कप मधोमध ठेवला होता.

"ताई! अगं, हात काय झाले तुझे?"

"तुला माहीत होतं?"

त्यानं "काय?" असं विचारलं नाही. तिथेच ताईला सगळं कळलं.

"सांगणार होतो मी तुला," तो खाली बघत म्हणाला. "सिलिंडर मिळत नव्हता गं. उजव्या बाजूचा चालू होता ना. आणि पुढचे दोन्ही. म्हटलं, प्रदर्शन झालं की निवांत करू. मग तू लगेच कामाला लावलीस गाडी..."

"मी लावली? व्हॅनचं काय करतात? लोणचं घालतात?"

"तसं नाही गं..."

"आज मी बेकरीवाल्याला मारणार होते. समजलं तुला? तो पाठमोरा उभा होता. माझ्या शेजारी काकू होत्या. आणि मी काय करून आले माहितीये? त्या गॅरेजवाल्याला जाऊन सांगून आले, की माझ्या भावाला फसवलंत. माझा भाऊ भोळा आहे म्हणून!"

लाडोबा खुर्चीत बसला. त्याचा आवाज पार लहान झाला. "मला तुझी भीती वाटली, ताई. तू किती चिडतेस. काही सांगायचं म्हटलं तरी..."

ताईला ते लागलं, तिला वाटलं होतं त्याहून खोल लागलं. क्षणभर तिच्या मनात आलं की खरंच, माझ्या तोंडाला भिऊन आणखी किती जण काय काय लपवत असतील. पण तेवढाच क्षण. पुढच्या क्षणी ती भडकली ती आधीपेक्षा दुप्पट.

"माझी भीती वाटली, आणि उताराची नाही वाटली? मी ओरडले असते. तासभर ओरडले असते. ओरडण्यानं माणूस मरतो का रे? माझ्या रागावर बिल फाडू नकोस. राग माझा आहे, खोटेपणा तुझा आहे."

इतका वेळ हातातल्या शर्टाची तीच घडी पुन्हा पुन्हा घालणारी त्याची बायको आता बोलली. ती कधीच चढ्या आवाजात बोलत नसे, आत्ताही बोलली नाही.

"प्रदर्शनाहून येताना मी त्या गाडीत बसले होते," ती नवऱ्याला म्हणाली. "तुला ठाऊक होतं, आणि तू मला शेजारी बसवून आणलंस. वाटेत गाणी म्हणत होतास."

ताईनं आपलं बोलणं तिथेच सोडलं. त्या घरात आता तिच्या आवाजाची गरज उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं सिलिंडर काढला आणि फडक्यात गुंडाळून लेथवाल्याकडे नेला. मिळत नाही, मिळत नाही म्हणून ज्याच्या नावानं एवढं रामायण झालं होतं, तो सिलिंडर लेथवाल्यानं उजेडात धरला, आत बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, "आतून गंजलाय. पोखरून पितळेची नळी बसवून देतो. रबरं ह्या मापाची मिळतात. संध्याकाळी या."

"संध्याकाळी?"

"का? घाई आहे का? मग दुपारी या."

ताईला हसावं की ओरडावं कळेना. एका दुपारचं काम! ह्या एका दुपारसाठी ती बेकरीवाल्याच्या पायांपर्यंत गेली होती. जुन्या शूंना नवं लायनर, म्हणजे घासणारी पट्टी, बसवून आणलं, मागच्या दोन्ही चाकांच्या, कारण एक नवा आणि एक जुना पकडला तर गाडी पुन्हा एका अंगाला ओढणार. स्प्रिंगा नव्या घेतल्या. पाइप नवा वाकवून आणला.

सुट्टीच्या सकाळी ती अंगणात बसून ओल्या फडक्यानं ड्रमची आतली भुकटी पुसत होती, तेव्हा लाडोबा आला. जुना शर्ट, जुनी पँट. बायकोनं पाठवला की आपणहून आला, ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. तो शेजारी उकिडवा बसला.

"मी काय करू?"

"ती स्प्रिंग पक्कडीनं धर. सोडलीस तर तोंडावर येईल."

एवढंच बोलणं झालं. शू बसले, सिलिंडर बसला, हँडब्रेकची दोरी अडकवली, बूच काढलं, नवा पाइप जोडला. एकदा लाडोबानं लांब पट्टीचा शू मागच्या बाजूला लावायला घेतला, तेव्हा ताईनं त्याच्या हातातून तो काढून घेतला आणि न बोलता पुढे लावला. ड्रम चढवून झाल्यावर उरली ती पाइपातली हवा काढायची, आणि ते काम एकट्याचं नव्हेच. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली हवा बाहेर सोडणारं निप्पल सैल करायचं.

"दाब," ताई गाडीखालून म्हणाली. "धर. धरून ठेव म्हटलं ना! आता सोड."

निप्पलमधून, त्याला नळीनं जोडलेल्या बाटलीत, बुडबुडे आले.

"दाब. धर. सोड."

असं किती तरी वेळ चाललं. मध्ये एकदा वरून आवाज आला. "ताई, मी क्लबात जाऊन सगळं सांगून आलो. कप परत घ्या म्हटलं."

"मग?"

"नको म्हणाले. म्हणे ब्रेकला गुणच नसतात. रंगाला असतात, पत्र्याला असतात. सगळ्यात जास्त गुण सीटांना पडले होते आपल्या."

गाडीखाली पाना आपटला.

"म्हणजे माझ्या शिलाईला गुण आणि माझ्या जिवाला शून्य!" ताईचा आवाज किराणा दुकानापर्यंत गेला. "कसले लोक आहेत रे हे? दाब!"

त्यानं दाबलं. बुडबुडे थांबले आणि स्वच्छ, सरळ धार आली. ताईनं निप्पल पिळून घट्ट केलं.

आधी रिकामी, मग पोत्यांनी भरून, तिनं व्हॅन त्याच उतारावर नेली. लाडोबाला शेजारी बसवला आणि भर उतारात ब्रेक दाबला. व्हॅन होती तिथे, सरळ रेषेत, उभी राहिली. लाडोबानं डोळे मिटून घेतले होते.

"उघड," ताई म्हणाली.

त्यानं उघडले. "ताई, चुकलो गं मी."

"हो, चुकलास." बरं, जाऊ दे, असं ती म्हणाली नाही. लहानपणापासून त्याच्या प्रत्येक चुकीपुढे ती तसं म्हणत आली होती आणि हे तिला आत्ता, उतारावर उभं असताना, पहिल्यांदाच दिसलं. तिनं गिअर टाकला आणि व्हॅन घराकडे वळवली. पुढे बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तो "होईल गं" म्हणाला की ती विचारायची, "कधी?", आणि तो सांगेपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहायची. ह्याचा त्याला त्रास व्हायचा. होऊ दे, असं तिला वाटायचं. मग ज्या दिवशी तो विचारायच्या आधीच म्हणाला, "गुरुवारी करतो, आणि नाही जमलं तर बुधवारीच सांगतो," त्या दिवशी तिनं त्याला चहा केला.

त्यानंतरच्या एका सुट्टीला अंगणाच्या फाटकापाशी एक छोटी गाडी येऊन थांबली. गाडी लाडोबाची, पण चालवत आली होती त्याची बायको, आणि एकटीच. केस मागे घट्ट बांधलेले, हातात जुन्या चादरीचे फाडलेले तुकडे.

"ताई, हिचं मागचं चाक काढून दाखवाल मला?" ती म्हणाली. "हे म्हणतात सगळं ठीक आहे. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

ताईनं सोफ्याचं काम तसंच टेबलावर टाकलं, जॅक ओढत बाहेर आणला आणि तिच्या पुढ्यात ठेवला.

"मी नाही काढणार, तू काढायचंस," ती म्हणाली. "आधी पुढच्या चाकांना विटा लाव. आणि बाह्या वर कर."